हॅनाच्या कागदावर नसलेली तीन वाक्यं

आधीच सांगते, भूतखेत, देवदेवस्की, अंगात येणं... आमच्या नागपूरच्या घरात यातलं काही नव्हतं. आम्ही बौद्ध. "पुरावा दाखव, मग बोल," हे बाबांचं नेहमीचं. त्यामुळे हे लिहितानाही मला लाज वाटतेय. पण दुसरीकडे सांगू कुठे?

१९९६ साल. संजयला व्हर्जिनियात, हर्नडनला सॉफ्टवेअरचा जॉब होता. मी इतिहासात एम.ए., पण डिपेंडंट व्हिसावर... म्हणजे नोकरी करायला बंदी. म्हणून तासाभरावरच्या एका जुन्या कोर्टाच्या तळघरात व्हॉलंटिअर म्हणून जायला लागले. काम होतं अठराव्या शतकातल्या कॉरोनरच्या, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कागदांची यादी करायचं. कुणी अचानक मेलं की कॉरोनर आसपासचे बारा जण जमवायचा. त्यांनी प्रेत बघायचं, मृत्यूचं कारण ठरवायचं आणि खाली सह्या करायच्या. मी ते वाचून नाव, ठिकाण, कारण कार्डावर लिहायचे. बुडून. घोड्यावरून पडून. दारूने. देवाच्या मर्जीने — हे तर कितीदा!

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मी एक घडी उलगडली. हॅना नावाची गुलाम बाई मालकाच्या तळ्यात मेलेली सापडली होती. कारण: अपघाताने बुडून. त्याखाली, त्याच तपकिरी शाईत, तीन वाक्यं. हॅनाची मुलगी सांगते की आई कपडे धूत होती. मालकाने मागून येऊन तिचं डोकं पाण्यात दाबलं. तिचे पाय हलायचे थांबले तरी त्याने हात काढला नाही. मग बारा सह्या.

मी पेन्सिलने शब्द न् शब्द वहीत उतरवला आणि मार्थाकडे धावले. मार्था म्हणजे तिथली रेकॉर्ड सांभाळणारी. साठीची, अगदी काटेकोर बाई.

तिने कागद भिंगाखाली धरला. "कुठेय?"

मी वाकून पाहिलं. कारण लिहिलं होतं आणि लगेच सह्या. मध्ये बोटभरसुद्धा जागा नव्हती.

"मी आत्ता वाचलंय, मार्था! हे बघ, माझ्या वहीत..."

वहीत ती वाक्यं होती. जुन्या स्पेलिंगसकट.

मार्थाने ती दोनदा वाचली. मग हळू आवाजात म्हणाली, "हनी, गोऱ्या माणसाविरुद्ध गुलामाची साक्ष तेव्हा चालतच नव्हती. कुठला कॉरोनर हे लिहून घेईल? थकलीयेस तू. घरी जा."

दुसऱ्या दिवशी त्या कागदाची मायक्रोफिल्म, म्हणजे पूर्वी काढून ठेवलेला फोटो, पाहिली. काही नाही. संजय म्हणाला, "अगं, दुसऱ्या कुठल्या तरी केसमधलं मिक्स झालं असेल." म्हणून महिनाभर त्या कागदांचा अख्खा खोका पुन्हा वाचून काढला. हॅनाला मुलगी होती, एवढंसुद्धा कुठे सापडलं नाही.

शेवटी नागपूरला बाबांना फोन लावला. वाटलं, रागावतील.

"खरं असेल बेटा," ते म्हणाले. "आपल्या माणसांची साक्ष तरी कुणी लिहून घेतली? पण... तुझ्याकडे पुरावा नाही ना."

त्या शुक्रवारी मार्थाने हॅनाचं कार्ड माझ्यापुढे ठेवलं. कारणाची जागा मी कोरी सोडली होती. "असं कोरं ठेवता येत नाही," ती म्हणाली. वाईट नव्हती ती, खरंच. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी नाही म्हणू शकले असते. नाही म्हटलं नाही. दोन शब्द लिहिले, कार्ड परत दिलं आणि पुन्हा त्या कोर्टात पाऊल टाकलं नाही.

मला काय दिसलं, का दिसलं, कागदावर नव्हतं तर ते जुनं स्पेलिंग माझ्या हातून कसं उतरलं... इतक्या वर्षांनीही मला सांगता येत नाही. एवढंच वाटतं, दोनशे वर्षं थांबून त्या पोरीने कुणाला तरी सांगितलं, आणि ते माझ्यासारखीला.

आता ती यादी कॉम्प्युटरवर आहे. मध्यंतरी मी हॅनाचं नाव टाकून पाहिलं. एकच ओळ आली. कारण: अपघाताने बुडून.

ते मी लिहिलंय.