रंगनाथतात्या बोलायचे तेव्हा…

काष्टीच्या बाजारात मेथी निवडत होतो, तेव्हा फोन आला. रंगनाथतात्या गेले… पिशवी तिथंच राहिली. त्याला आता महिना झाला.

तात्या कुस्तीचे निवेदक. श्रीगोंदा तालुक्यात कुठलीही जत्रा असो, गुलाबी फेटा बांधून आखाड्यात माईक धरायचे ते तात्याच. मी शाळामास्तर, जोड लागली की पैलवानांच्या नावांची चिठ्ठी त्यांच्या हातात द्यायची, एवढंच माझं काम. वीस वर्षं केलं. चिठ्ठीत नुसतं नाव-गाव असायचं, पण तात्या पैलवानाच्या आजोबांचा आवडता डावही सांगायचे. एकदा वाडीवरचा एक गडी डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच चितपट झाला. लोक हसले. तात्या कडाडले, "हसू नका! धारा काढून, डेरीला दूध घालून, सायकल मारत आलाय ह्यो. पडला, पर आला!" हरलेल्या गड्याला लोकांनी खांद्यावर घेतलं.

मग त्यांचा आवाज बसला. आम्ही ज्येष्ठमध देत राहिलो… नगरला दाखवलं तेव्हा घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. तात्यांनी मला विचारलं, "गुरुजी, काय करू?" "जीव महत्त्वाचा, तात्या," मी म्हणालो. किती सहज बोलून गेलो.

ऑपरेशननंतरच्या जत्रेत ते फेटा बांधून आले. ठाऊक नसलेल्या काहींनी ओरडा केला, "तात्या, बोला!" सवयीनं त्यांनी माईक घेतला. ओठ हलले. भोंग्यातून फक्त वारा आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी, वीस वर्षं शेजारी उभा राहिलेला माणूस, चिठ्ठ्या धरून नुसता उभाच राहिलो…

दहावा झाल्यावर शेवंतावहिनींनी विचारलं, "गुरुजी, तुमच्या मोबाईलात यांचा आवाज हाय का?" मी मैदानातला व्हिडिओ लावला.

"ह्यो न्हाई. ह्यो लोकांचा हाय. घरातला बघा."

खूप शोधल्यावर एक जुना निरोप सापडला. "गुरुजी, जेवतोय. आलोच." मागून वहिनींचाच आवाज, "अर्धी भाकर वाढू का?" आणि तात्या, "नको, नको."

वहिनींनी मोबाईल जवळ ओढला. मग म्हणाल्या, "अर्धपोटीच गेल्ते त्या दिवशी. परत लावा."

आता दर दोन-तीन दिवसांनी जातो. वहिनी पदराला हात पुसत येऊन बसतात. मी मोबाईल ओट्यावर ठेवतो… तात्या दर वेळी नकोच म्हणतात.