जास्वंदीला दिलेला ताण

बायको गेली तेव्हा दारापुढची जास्वंद फुलांवर होती. अमरावतीत हे घर बांधलं त्या साली तिनंच माहेराहून, भातकुलीहून, फांदी आणून लावली होती. फाटकाजवळ कन्हेर, कारण बकऱ्या तिला तोंड लावत नाहीत. भिंतीच्या सावलीत तगर, बाजूला मोगरा. मी कशालाच हात लावला नाही. माझा जन्म संत्र्याच्या बगीच्यात गेला. घरची झुडपं म्हणजे बायकांचा खेळ, असं तिच्या तोंडावर म्हणत आलो.

तेरवी झाली, पाहुणे गेले, अन झाडांचं पाणी माझ्याकडे आलं. मी ते संत्र्याच्या हिशेबानं दिलं. संत्र्याला बहार पाहिजे तर थंडीत पाणी तोडतात, झाड मलूल झालं की मग खतपाणी सोडतात. याला ताण देणं म्हणतात. म्हटलं, हिच्या झाडांनाही ताण देऊ, उन्हाळ्यात दार फुलांनी भरेल. महिनाभर थेंब दिला नाही.

कन्हेरीला काही झालं नाही. मोगरा, तगरही तगले. जास्वंदीची पानं पिवळी पडली, मग सारी गळाली. काळी माती अशी भेगाळली की पंजा आत जाई. आतली मुळं तुटली असणार.

सून म्हणाली, "मामाजी, वाळली आता. नर्सरीतून क्रोटन आनू. त्याले काई करा लागत नाई."

"काई करा लागत नाई त मंग प्लास्टिकचंच आन ना!"

"तुमाले बोलाचीच सोय नाई."

"वाळली नाई ते. म्या वाळवली."

मी नखानं साल खरवडली. वर तपकिरी, खालीही तपकिरी. जमिनीपासून वीतभर उंचीवर हिरवी रेघ दिसली. तेवढी पुरे. संत्र्याची कैची आणली अन हिरव्यापर्यंत सारं कापलं. एवढ्या वर्षांचं झाड वीतभर खुंट झालं.

भेगांत वाळू अन कुजलेलं शेणखत भरलं. उन्हाच्या अंगानं तुराट्यांचा आडोसा केला. बायको आधी मातीत बोट खुपसायची, मगच पाणी द्यायची. मी हसायचो. आता रोज सकाळी मीच बोट खुपसत होतो. कोरडं लागलं तर तांब्याभर. ओलं असलं तर नाही, काळी माती पाणी धरून ठेवते अन मुळं सडतात.

शेजारी म्हणाला, "काहून लाकडाले पानी पाजून राहिले, बुवा?" म्हटलं, "तुह्या घरचं पाजून राहिलो काय?"

होळी झाली तरी खुंट तसाच. सून आता क्रोटनचं नाव काढत नव्हती. मग एका सकाळी तिनंच हाक मारली, "मामाजी, या जरा इकडं."

खुंटाच्या बुडाशी डोळा फुटला होता. ज्वारीच्या दाण्याएवढा, हिरवा.

"हात नको लावू," मी म्हणालो.

"मी कुठं लावून राहिली? तुमीच मांगं सरका. तुमची सावली पडून राहिली त्याच्यावर."

मी मागे सरलो.