ओढ्यावरची ठकुकाकी

आमच्या गावात चिंबोऱ्या, म्हणजे ओढ्यातले खेकडे, पकडणाऱ्या बाया आणखीही होत्या, पण ठकुकाकीची सर कुणाला नव्हती. ओढ्याच्या काठच्या बिळात खांद्यापर्यंत हात घालायची आणि चिंबोरी अशी धरून काढायची की तिला नांगी उघडायला जागाच राहू नये. वय विचाराल तर म्हणते, ‘कोनी लिवून ठेवलंय?’ ती माझी सख्खी काकी नव्हे, शेजारीण. पण तिच्या हातचं कालवण खाऊन मी वाढलो, म्हणून काकी.

पकडली की पहिलं काम म्हणजे उलटी करून पोट बघणं. पोटावरच्या झाकणाखाली अंडी नाहीतर पिल्लं असली, तर ती विकायची नाही, हे तिच्या सासूनं शिकवलेलं. काकीनं त्यात स्वतःची भर घातली. तिचा मुलगा भूपेश भिवंडीत कापडाच्या लूमवर आहे. शिफ्ट संपवून येताना तो पिवळ्या सुताचे तुकडे आणतो. पोटुशी चिंबोरी सापडली की काकी तिच्या मागच्या पायाला सूत बांधायची आणि पाण्यात सोडायची. सूत दिसलं की गावातली कुठलीच बाई त्या चिंबोरीला हात लावत नसे. आमच्याकडे भाऊ भावाचा बांध कोरतो, पण काकीच्या सुताला कधी कुणी शिवलं नाही.

दोन वर्षांमागच्या श्रावणातली गोष्ट. सकाळी मी काकडीच्या मांडवात होतो. काकी बांधावर येऊन उभी राहिली. टोपलीत चारच चिंबोऱ्या.

“दामू, यंदा बारीक दिसंना.”

“बारीक म्हणजे काय?”

“पिल्लं. नखाएवढं एक न्हाय. सगल्या थोराड.”

माझं डोकं आधीच तापलेलं. काकडी धरत नव्हती, धरलेली वाकडी होत होती. मी म्हटलं, “मग मी काय करू काकी? तुझ्या चिंबोऱ्यांची बारशी घालू?”

एरवी तिनं मला चार शिव्या हासडल्या असत्या. त्या दिवशी हसलीसुद्धा नाही. “तुझ्या फुलांवर माशी पन न्हाय,” म्हणाली आणि निघून गेली.

मी मांडवात तसाच उभा राहिलो. फुलं भरगच्च फुललेली आणि गुणगुण म्हणून नाही. लांब हायवेवर ट्रक चालल्याचा आवाज येत होता, पण मांडवाखाली पानावरून थेंब पडला तो ऐकू आला. बांधाच्या टोकाला मोहाचं झाड आहे. त्याच्या ढोलीत माझ्या बापाच्या वेळेपासून मधमाश्या आहेत. तिथं गेलो, तर पोळ्याचा एक तुकडा खाली पडलेला. उचलून पाहिला. एकेका घरात एकेक अळी होती, अर्धवट वाढून सुकलेली, जणू शिजता शिजता राहिलेला भात. अंगावर काटा आला. मग स्वतःलाच शिव्या घातल्या, शेतकऱ्याच्या जातीनं माशीला कसलं भ्यायचं म्हणून.

चौथ्या दिवशी दुपारी काकीनं मला ओढ्यावर बोलावून घेतलं. तिथं एक सपाट दगड आहे. मी फवारणीचा पंप धुतो तोच. दगडावर भर उन्हात सात-आठ चिंबोऱ्या बसल्या होत्या. दिवसाढवळ्या त्या कधी अशा बाहेर बसत नाहीत. आमची सावली अंगावर पडली तरी एकही हलली नाही. पायांना पिवळं सूत होतं.

काकीनं एक उचलून उलटी केली. झाकणाखाली पिल्लं होती, शंभर तरी असतील, एकमेकांना चिकटून. एकही हलत नव्हतं. प्रत्येक पिल्लू जुन्या कवचातून अर्धं बाहेर आलेलं आणि तिथंच अडकून मेलेलं. आई मात्र झाकण उघडत होती, मिटत होती, पुन्हा उघडत होती.

“पिल्लांना पानी देतेय,” काकी म्हणाली. “हिला कोन सांगनार?”

मला तिथून पळून जावंसं वाटलं.

“तुझं ते नवं औषध अळीला काय करतंय, दामू?”

दुकानदारानं मला सांगितलं होतं आणि मी ते ऐटीत गावभर सांगत फिरलो होतो. अळीला कात टाकता येत नाही, जुन्या कातडीत अडकून मरते. आता तेच काकीला सांगायचं होतं, आणि मी त्या दगडाकडे बघत राहिलो. पंप मी त्याच दगडावर धुवायचो, तीन पाण्यांनी. विहिरीवर धुतला तर पिण्याच्या पाण्यात विष जाईल, वाहत्या ओढ्यात कुणाला काय होतंय, असा माझा हिशोब. स्वतःला मोठा शहाणा समजत होतो.

काकी वळली. पाणी तुडवत प्रवाहाच्या वरच्या अंगाला चालू लागली, मी मागोमाग. माझं शेत मागं पडलं, तिनं एक धोंडा उचलला आणि खालून नखाएवढी पिल्लं सैरावैरा पळाली. “इथं हायत,” एवढंच म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खाली माझ्या शेताजवळच्या बिळांत आणखी सात चिंबोऱ्या सापडल्या, त्यांच्या पोटात अजून नुसती अंडी होती. त्या आम्ही हंड्यात घातल्या, हंडा मी खांद्यावरून वर नेला आणि तिथं सोडल्या. रात्री जरा झोप लागली. सकाळी गेलो तर सातही माझ्या दगडावर परत आलेल्या. एका ओळीत, तोंडं शेताकडे.

“परत कशा आल्या गं?”

“त्यांचं घर हाय. त्या न्हाय सोडनार.” काकीनं माझ्याकडे पाहिलं. “मंग कोनी सोडायचं?”

त्या दिवशी अर्धा मांडव फवारायचा राहिला होता, तो तसाच राहिला. काकडी अळीनं खाल्ली. मी अळीला भरपूर शिव्या दिल्या, पण पंपाला हात लावला नाही. त्याला आता दोन पावसाळे झाले. त्यांनीही ओढ्यात पंप धुऊ नये म्हणून खालच्या-वरच्या शेतवाल्यांशी भांडलो, दोघांचे तर पाय धरले.

पडघ्याच्या बाजारात काकी चिंबोऱ्या विकायला बसायची, त्या जागेवर आता एक कोथिंबीरवाली बसते. काकी मात्र रोज सकाळी ओढ्यात उतरते, टोपली न घेता. बिळाबिळात हात घालून पिल्लं आहेत का चाचपते. मी बांधावर काहीतरी काम काढून उभा राहतो. विचारायची माझी छाती होत नाही. ती वर येते, पदराला हात पुसते आणि घरातल्या सुनेबद्दल म्हाताऱ्या बाया सांगतात तशा हलक्या आवाजात आपणहून सांगते, “अजून न्हाय, दामू.”