बागेतलं हेलिकॉप्टर आणि त्याची पाटी

नौदलातून निवृत्त होऊन मी म्हसवडला परतलो, त्याला सहा वर्षं झाली. हेलिकॉप्टरच्या दारात पालथं पडायचं, विंचची वायर खाली सोडायची आणि समुद्रात बुडणारी माणसं वर ओढायची, हे माझं काम. आमच्या भागात मात्र वर्दी घातलेला प्रत्येकजण मेजरच. म्हणूनच विट्याकडच्या एका गावातून फोन आला तो असा : "मेजर, आमी बागेत एक रिटायर हेलिकॉप्टर बसवलंय. काय काय पार्ट गायब हायेत, ते बघा. आन् पाटीवर लिवायला म्हाईती द्या." बोलत होते तिथल्या बाग समितीचे अध्यक्ष, मोठे ऊसवाले.

गेलो. मी चौदा वर्षं ज्यात उडलो, त्याच जातीचं निघालं. बरं वाटलं. शिडी लावून आत डोकावलो.

मी जिथं पालथा पडायचो, तिथं गुटख्याच्या पिचकाऱ्या होत्या. वाळलेल्या थरावर ताज्या. मागच्या कोपऱ्यात लोक लघवी करून गेले होते, आणि तापलेल्या पत्र्यातून तो वास भपकन नाकात शिरला. एकदा वर ओढलेला एक म्हातारा खलाशी माझ्या छातीवर खारं पाणी आणि डिझेल ओकला होता. माझी कॉलर काही केल्या सोडेना. त्याची मला कधी किळस आली नाही. इथं मात्र खाली उतरलो आणि चाकापाशीच ओकलो.

बागेच्या माळ्यानं पाण्याचा तांब्या दिला. विंचचा हूक जागेवर नव्हता, म्हणून त्याला विचारलं.

"यारीवाल्यानं न्हेला, इहिरीवर क्रेन लावतो त्यानं," तो म्हणाला. "इहिरीतला गाळ वर काढाय लय मजबूत हाय म्हणं."

दोन दिवस मी आणि माळ्यानं फिनेल आणि तारेच्या घासणीनं आतली जमीन खरवडली. मुंबईतल्या जुन्या सोबत्याकडून निकामी हूक आणि दाराची मूठ मागवली, बसवली. मग पानभर माहिती लिहून अध्यक्षांकडे नेली.

त्यांनी ती उभ्याउभ्याच वाचली. "ह्यात लढाई कुटं हाय?"

"नाही. ह्यानं कधी गोळी झाडली नाही. बुडणारे कोळी, खलाशी वाचवले."

"आवं मेजर, कोळी वाचवलेलं बघाय कोण येतंय? दुश्मनाची बोट उडवली म्हणून टाकू."

"खोटं आहे ते."

"पाटीला कोण पुरावा मागतंय?" असं म्हणत त्यांनी खिशातली पुडी फाडली आणि तोंडात रिकामी केली. मी त्यांच्या दातांकडं बघत राहिलो. कागद त्यांच्याकडंच सोडून निघालो.

पंधरा दिवसांनी पाटी लागली. शत्रूची बोट, अचूक मारा, सगळं होतं, आणि खाली 'माहिती सौजन्य' म्हणून माझं नाव. मी थिनरची बाटली आणि फडकं घेऊन भर दुपारी तिथं गेलो. माळ्यानं स्टूल धरलं. आजूबाजूला फोटो काढणारी माणसं होती. नाव निघेपर्यंत घासलं. नंतर अध्यक्षांचा दोनदा फोन आला, मी उचलला नाही. बोट उडवल्याचा मजकूर अजून तिथंच आहे.