मांगा उजवीकडून वाचतात

मनाला भिडेल असं काही सुचव म्हटलं, की मी मांगाच सुचवते, म्हणजे जपानी चित्रकथा. त्यातली माणसं खरी वाटतात. "या वयात कार्टून कसली वाचतेस?" म्हणणाऱ्यांशी मी चक्क भांडते.

आई गेल्यावर बाबा गोखिवऱ्याच्या फ्लॅटमध्ये नुसते गप्प बसून असायचे. मला बघवेना. माझा सगळ्यात आवडता मांगा मी त्यांच्या हातात दिला. त्यात एक म्हातारा शिंपी आणि त्याची बायको आहे. ती आजारी पडते. तो तिच्यावरच चिडतो, आणि मग मुकाट्याने तिला औषध पाजतो. शेवटी ती जाते. बाबा एकदाचे रडतील, मोकळे होतील, हा माझा शहाणपणा.

दोन दिवसांनी त्यांनी पुस्तक परत दिलं. चेहरा बऱ्याच दिवसांनी हलका दिसत होता. म्हणाले, "जरा तुटक आहे, पण छान. आधी रिकामं घर, मग दवाखाना, आणि शेवटी ती ठणठणीत बरी होऊन दुकानात बसते."

मांगा उजवीकडून वाचतात, हे सांगायलाच मी विसरले होते. बाबांनी जन्मभर दिवाळी अंक वाचले, तसंच हेही डावीकडून, म्हणजे शेवटापासून वाचलं होतं. खरं सांगायला मी पुस्तक उजवीकडून उघडलं.

"पुढचा भाग आहे का गं?" त्यांनी विचारलं. "दोघांचं पुढे कसं चाललंय, बघू."

पुढचा भाग माझ्या पिशवीतच होता. तो कुठल्याही बाजूने वाचला, तरी त्यात शिंपी एकटाच आहे.