ताटली वाजली की मुरमुरे

आमच्या कामात किस्से जमवावे लागत नाहीत. स्वमग्न मुलांना त्यांच्या घरी जाऊन शिकवायचं म्हटलं की ते आपोआप साठतात, स्कूटीच्या डिक्कीत जुने कागद साठतात तसे. मैत्रिणींना मी ते हसत हसत सांगते. पण गोंडपिपरीकडच्या एका घराचे किस्से शेवटपर्यंत हसत सांगता येत नाहीत, हे आधीच सांगून टाकते!

*

आठ वर्षांची चिनू, तिची आई शारदाबाई आणि आजोबा, ज्यांना सारं गाव बाबाजी म्हणतं. चिनूचे वडील बाहेरगावी कामाला. पहिल्या दिवशी पाहिलं तर पुढच्या दाराला तीन कड्या आणि मागच्या दाराला सुतळीचा फास.

"चोरांचं एवढं भय?" मी विचारलं.

"चोर आत येते म्याडम. माही पोरगी बाहीर जाते!"

चिनू बोलत नव्हती, हाकेला वळूनही बघत नव्हती आणि फट दिसली की सुसाट. घरामागे त्यांचं कापसाचं वावर, वावराला लागून जंगल आणि जंगलात वाघ. मी शिकवायची यादी काढली होती, रंग, आकार, बटणं लावणं. शारदाबाईंनी ती बाजूला सारली.

"ते मांगून पाहू. बोलली नाई तरी चालते मले. बोलावलं तं वापस आली पायजे, बस!"

*

चिनूला माणसांच्या आवाजापेक्षा भांड्यांचा आवाज आवडायचा. मग ठरलं. चमच्याने स्टीलची ताटली वाजवायची आणि ती आली की हातावर मुरमुरे ठेवायचे. नियम एकच, ताटली वाजली की मुरमुरे मिळालेच पाहिजेत, काहीही होवो.

बाबाजी ओसरीवर तंबाखूच्या खर्र्याची प्लास्टिकची पन्नी चोळत बसले होते. "माही नात कोंबडी हाये काय, दाने टाकून बोलवाले?"

"बाबाजी, मजुरी दिली नाही तर तुमच्या वावरात कोणी येईल का?"

"देल्ली तरी येत नाई! वाघाच्या भेवानं!"

*

महिन्याभरात चिनू अंगणातून यायला लागली, मग हातपंपापासून. एकदा शेजारी बारशाचं जेवण होतं. वाढणाऱ्याने पळी पातेल्यावर आपटली आणि चिनू पंगत तुडवत त्याच्यासमोर हात पसरून उभी!

"शारदाची पोरगी लय हुशार. जेवन कुठी हाये ते बराबर समजते तिले!" लोक हसले. मीपण हसले. ती आईच्या ताटलीला नाही, कुठल्याही भांड्याला येते, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

*

एकदा घरात मुरमुरे नव्हते आणि शारदाबाईंनी तशीच ताटली वाजवली. चिनू आली, हात पसरून उभी राहिली आणि मग स्वतःच्याच मनगटाला चावत जमिनीवर लोळली. पुढचे आठ दिवस कितीही वाजवा, ती हलेना. त्याच आठवड्यात ती निसटली आणि तलावात कमरेइतक्या पाण्यात सापडली.

मी गेले तेव्हा शारदाबाई मुरमुऱ्यांचा डबा काठोकाठ भरत होत्या. "म्याडम, तिची चूक नाई. म्या खोटं वाजवलं."

*

मागच्या कापसाच्या हंगामातली गोष्ट. तोवर चिनू ताटलीला पुन्हा यायला लागली होती. दुपारी चारला गावात ओरड झाली, वाघ शारदाबाईंच्या पऱ्हाटीत, उभ्या कापसात बसला! आमच्याकडे अशा वेळी सारं गाव डबे-ताटल्या बडवून त्याला जंगलाकडे हाकलतं. शारदाबाईंनी चिनूला आत ठेवून कड्या लावल्या आणि त्या, बाबाजी आणि शिकवायला आलेली मी, असे तिघं वावराच्या पलीकडल्या रस्त्यावर गेलो. सारं गाव तिथे रांगेत उभं राहून बडवत होतं. मीसुद्धा!

आणि समोरून, घराच्या अंगाने, चिनू कापसात शिरली.

मागच्या दाराची सुतळी बांधायची राहिली होती. गावभरच्या ताटल्या वाजत होत्या आणि ताटली वाजली की यायचं, हे मीच तिला शिकवलं होतं. वाजवत राहिलं तर ती सरळ वाघाच्या अंगावरून येणार आणि थांबलं तर वाघ काय करेल, कोणालाच ठाऊक नाही.

"सारे चूप! कोनी वाजवू नका!" शारदाबाई ओरडल्या आणि धुऱ्याने, बांधावरून धावत वावराच्या कोपऱ्यात गेल्या, वाघापासून लांब. मागोमाग बाबाजी, त्यांच्यामागे मी.

गाव गप्प झालं. शारदाबाईंनी एकटीने ताटली वाजवली. टण. टण. टण.

चिनू थांबली. मान वळवली. मग कापसातून तिरपी चालत, अजिबात घाई न करता, आईपुढे येऊन हात पसरून उभी राहिली.

शारदाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्याकडे काहीच नव्हतं. माझी पिशवी स्कूटीवर. चिनूचं मनगट हळूहळू तोंडाकडे जायला लागलं.

बाबाजींनी धापा टाकत बंडीच्या खिशातून खर्र्याची पन्नी काढली, गाठ सोडली आणि तिच्या हातावर उपडी केली. मुरमुरे!

"काय पाह्यता म्याडम?" ते माझ्यावरच खेकसले. "दोन महिन्यांपासून ठेवून राह्यलो खिशात!"

चिनूने सगळे खाल्ले. मग बाबाजींचा हात धरला आणि ताटलीवर नेऊन ठेवला. पुन्हा वाजव!

वाघ अजून पऱ्हाटीतच होता.