जेबेल हाफीतच्या थडग्यात मम्मी आणि नोरा काय बोलल्या

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी खऱ्या मानणारी बाई नाही. दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये एका इन्शुरन्स कंपनीत मी क्लेम तपासते. म्हणजे लोक येऊन काहीतरी अजब घडल्याचं सांगतात, आणि ते तसं घडलेलं नसणार असं धरूनच मी कामाला लागते. गाडी आपोआप घसरली, पाइप आपोआप फुटला... "आपोआप" हा शब्द मी आजवर कधी पास केलेला नाही. या ग्रुपवरचे अनुभव वाचतानाही मी मनातल्या मनात रिजेक्टचा शिक्का मारत असते — माफ करा हां. पण गेल्या जानेवारीत आमच्या बाबतीत जे झालं, त्यावर कुठला शिक्का मारायचा हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आणि घाबरण्यासारखं काही नाही त्यात. उलट इतकी हसलेली मम्मी मी कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती.

आम्ही वसईचे, कॅथलिक. घरी वसईची बोली बोलतो, पण इथे सगळ्यांना कळावं म्हणून साधं मराठी लिहिते. डॅडी गेल्यावर मम्मी तिथे एकटी पडली, म्हणून मी आणि माझा नवरा रॉनी तिला दुबईला घेऊन आलो. आधी व्हिजिट व्हिसावर. मग भावाशी बोलून आम्ही ठरवून टाकलं की आता तिने कायमचं इथेच राहायचं आणि वसईचं घर भाड्याने द्यायचं. मम्मीला विचारलं, तर ती "बरं" म्हणाली.

मम्मी सगळ्यालाच "बरं" म्हणत होती. मॉलला जाऊ या? बरं. एसी कमी करू? बरं. आमची मुलगी रिया इथेच वाढलेली. तिला मराठी कळतं, पण उत्तर इंग्लिशमध्येच येतं. "काय झालं गं आज शाळेत?" "नथिंग मच, ग्रँडमा." खलास! पुढे बोलणार काय? वसईत जी बाई रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला अडवून त्याच्या घरात काय शिजलंय ते विचारायची, ती इथे दिवसभर खिडकीपाशी बसून खालच्या गाड्या बघायची. मी म्हणायचे, हळूहळू रुळेल.

नोरा माझ्या टीममधली, आयर्लंडची. पश्चिमेकडे क्लेअर नावाचा भाग आहे, तिथे तिच्या वडिलांची शेती आहे. उंच, लाल केसांची, सतत काहीतरी चघळत बसणारी मुलगी. तिच्या गावाकडे म्हणे शेताशेतांत हजारो वर्षांपूर्वीचे दगडी चौथरे आणि थडगी आहेत, आणि लहानपणी रविवारची प्रार्थना झाली की वडील तिला ती बघायला न्यायचे. इथे आल्यापासून तिला घरची फार आठवण यायची. एक दिवस लंचमध्ये ती मला म्हणाली, "तुला माहितीये, अल ऐनजवळ तशीच दगडी थडगी आहेत? पाच हजार वर्षं जुनी! चल ना या शनिवारी." रॉनी हॉटेलात ड्यूटीवर, रिया मैत्रिणीच्या बर्थडेला. म्हटलं मम्मीला पण घेऊ.

"मम्मी, येतेस?"

"बरं."

गाडीत माझी पुरती वाट लागली. मम्मीला इंग्लिशमधले "थँक्यू" आणि "लिफ्ट" हे दोनच शब्द येतात. नोराला मराठीचा गंध नाही. मी गाडी चालवत मध्ये दुभाषी.

"तिला विचार, लग्न झालंय का?"

"मम्मी, असं विचारत नाहीत."

"का? झालं असेल तर झालं म्हणेल."

विचारलं. नोरा म्हणाली, अजून नाही, बघतेय. मी सांगितलं. मम्मी म्हणाली, विचार तिला, बघतेय म्हणजे कोणाला बघतेय? अल ऐन येईपर्यंत माझं डोकं दोन्ही भाषांत दुखायला लागलं होतं. शेवटी मी म्हटलं, आता दोघींनी बाहेर बघा जरा!

जेबेल हाफीत हा एकटाच उभा असलेला डोंगर आहे, आजूबाजूला सपाट वाळवंट. त्याच्या पायथ्याच्या टेकाडांवर ही थडगी. लांबून दगडांचे ढीग वाटतात. जवळ गेलं की दिसतं, चपटे दगड एकावर एक रचत वर निमुळते नेलेत, टोपली पालथी घालावी तसे. प्रत्येकाला आत शिरायला एकच बुटकी, त्रिकोणी वाट. हवा गार होती, ऊन कोवळं होतं. आमच्याशिवाय तिथे चिटपाखरूही नव्हतं. नोरा तर लहान पोरीसारखी एका दगडाकडून दुसऱ्याकडे पळत होती. साडी आणि माझे स्पोर्ट्स शूज अशा अवतारात मम्मी तिच्या मागे.

"थडगी आहेत म्हणतेस... आत कोण आहे?"

"आता कोणी नाही. हाडं वगैरे म्युझियमवाल्यांनी कधीच नेली."

मम्मीने तरी क्रुसाची खूण केली आणि वाटेशेजारच्या सावलीत बूड टेकलं. नोरा रांगत आत गेली. तेवढ्यात माझा फोन वाजला. शनिवार असला तरी बॉसला एका क्लेमचं काहीतरी अर्जंट हवं होतं. तिथे रेंज येत-जात होती, म्हणून मी बोलत बोलत खाली गाडीपर्यंत गेले. फोन चांगलाच लांबला.

परत वर आले तर मम्मी जागेवर नव्हती. गुडघे दुखणारी बाई, एकटी कुठे गेली असेल? आणि मग आवाज आला. थडग्याच्या आतून. मम्मी आणि नोरा हसत होत्या. नुसतं हसणं नव्हे, त्या बोलत होत्या. एक बोलतेय, दुसरी मध्येच तोडतेय, पहिली "अगं थांब, ऐक तर" केल्यासारखं पुढे रेटतेय... शेजारच्या खोलीत घरातल्या बायका गप्पा मारत असाव्यात आणि आपण अर्धवट झोपेत ऐकावं, तसं. मी वाटेपासून हातभर अंतरावर उभी होते. एकही शब्द मला धरता येत नव्हता, आणि तरी परकी भाषा ऐकतेय असंही वाटत नव्हतं. मराठी होती का? माहीत नाही. इंग्लिश? तेही माहीत नाही. भीती अजिबात वाटली नाही. खरं सांगू, आत जाऊन त्यांच्यात बसावंसं वाटलं.

मी हाक मारली, "मम्मी!"

आवाज थांबला. आधी नोरा बाहेर आली, मग तिच्या हाताला धरून मम्मी. दोघी धुळीने माखलेल्या, हसून हसून डोळ्यांतून पाणी. आणि मम्मी आली ती माझ्यावर घसरलीच.

"लाज नाही वाटत? पोरगी एवढं छान आपलं बोलते, आणि तू गाडीत मला भाषांतर करून दाखवत होतीस? म्हातारीची मजा बघत होतीस होय?"

"कोण आपलं बोलते?"

"ही नोरा! आणि पुस्तकातलं मराठी नाही हां. आपल्या वाडीतलं, आपल्या हेलात!"

त्याच वेळी नोरा माझा दंड धरून हलवत होती. तुझ्या मम्मीला इंग्लिश येत नाही असं का सांगितलंस, म्हणून. "आणि इंग्लिश तरी कसलं! माय ग्रॅनी'ज इंग्लिश! क्लेअरचं! ती तिथे राहिली होती का?"

मी दोघींकडे बघतच राहिले. म्हटलं, ठरवून माझी फिरकी घेतायत. "मग बोला ना," मी म्हटलं, "माझ्यासमोर बोला."

मम्मी नोराकडे वळून काहीतरी म्हणाली. नोराच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे कोरे झाले. तिने इंग्लिशमध्ये "सॉरी, काय म्हणालात?" असं विचारलं. आता मम्मीचा चेहरा तसाच. दोघी पुन्हा पुन्हा बोलून बघत होत्या. जरा हळू, जरा मोठ्याने. काही नाही. मग मम्मीनेच नोराला ओढून परत आत नेलं, मीही मागोमाग शिरले. आत जेमतेम बसण्याएवढी जागा, वरच्या दगडांच्या फटींतून ऊन येत होतं. दोघी एकमेकींकडे बघून बोलल्या. मराठी मराठीच राहिलं आणि इंग्लिश इंग्लिश. आणि मग मम्मीला जे हसू फुटलं, ते आम्हा तिघींनाही आवरेना.

बाहेर आल्यावर माझ्यातली क्लेमवाली जागी झाली. दोन साक्षीदार असले की त्यांना वेगळं करायचं असतं. नोराला गाडीत बसवलं आणि मम्मीला लांब एका दगडावर.

"काय सांगितलं तिने तुला?"

मम्मीला विचार करावा लागला नाही. नोराच्या बापाच्या शेतात असंच एक दगडी थडगं आहे, आणि तिथले लोक त्याला म्हातारीची खाट म्हणतात. त्यांची एक काळी गाय होती, एका शिंगाची. ती रोज त्या दगडाला पाठ घासायची, आणि बाप म्हणायचा, म्हातारीला गुदगुल्या होतायत बघ! नोरा ऑफिसात दोन वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. यातलं एक अक्षर मला माहीत नव्हतं. एका शिंगाची गाय हातवाऱ्यांनी सांगता येईल म्हणा. पण म्हातारीची खाट? गुदगुल्या?

गाडीत जाऊन नोराला हे ऐकवलं. ती आधी पांढरीफटक पडली आणि मग टाळ्या वाजवायला लागली. "खरंय! डॅड अगदी असंच म्हणतो!"

"आणि मम्मीने तुला काय सांगितलं?"

नोरा जरा घुटमळली. "ते मी तुला सांगावं की नाही..."

"सांग."

"फिलूबायच्या मुलीचं लग्न आहे, ईस्टरनंतर," नोरा म्हणाली.

फिलूबाय म्हणजे वसईची आमची शेजारीण, फिलोमिना आंटी. फिलूबाय हे नाव फक्त आमच्या वाडीतल्या बायका घेतात. दुबईत ते मी कधी उच्चारलेलंही नाही.

नोरा पुढे सांगत गेली. वाडीतल्या बायकांनी मम्मीला लग्नाची जुनी गाणी सांगायला बोलावलंय, कारण ती शेवटपर्यंत आता तिलाच येतात. मम्मीने फोनवर नाही म्हणून टाकलं. लेक कायमचा व्हिसा काढतेय, तिला वाईट वाटेल म्हणून. "तिला इथे राहायचं नाहीये गं. तिला घरी जायचंय. तिला वाटतं, तू तिच्यासाठी एवढं करतेस तर नाही कसं म्हणायचं. मी म्हटलं, तुमच्या मुलीशी बोला. तर ती म्हणाली, तिच्याशी बोलताना मला शब्दच सापडत नाहीत."

मी दगडापाशी परत गेले. मम्मी पदराने चष्मा पुसत होती.

"मम्मी, तुला वसईला जायचंय?"

तिने चष्मा डोळ्यांवर चढवला. "तिने सांगितलं?"

"हो."

"फिलूबायचं पण?"

"सगळं."

"मग बरं झालं," मम्मी म्हणाली. हे "बरं" आधीच्यांसारखं नव्हतं. मग तिने माझा हात धरला आणि गाडीपर्यंत धबधब्यासारखी बोलत आली. अंगणात मांडव कुठून कुठे येणार, नवरीची आत्या किती बेसूर आहे आणि तिला मागे कसं बसवायचं, सगळं. परतीच्या वाटेवर आम्ही टपरीवर करक, म्हणजे इकडचा दाट दुधाचा कडक चहा घेतला. तिथल्या मलबारी दादालाही तिने मराठीत लग्नाचं सांगितलं. तो हिंदीत म्हणाला, "इन्शाल्ला, अम्मा, अच्छा होगा!"

व्हिसाचं मी रद्द केलं. भाऊ आधी कुरकुरला, मग मम्मीचा आवाज ऐकून गप्प झाला. ईस्टरनंतर आम्ही सगळे वसईला गेलो, नोराही आली. मम्मी मांडवात मधोमध बसली होती आणि बाकीच्या बायका तिच्या मागून गाणी ओढत होत्या. नोराला एक शब्द कळत नव्हता, तरी पहिली नाचायला तीच उठली, आणि रियाला ओढून घेऊन गेली.

आता स्पष्टीकरण. रॉनी म्हणतो, दोघी खाणाखुणांनी बोलल्या आणि बाकीचं मनाने भरलं. चर्चमध्ये फादरना विचारलं तर ते हसले, म्हणाले, बायबलमधलं पेंटेकॉस्टचं वाचन आठव, शिष्य बोलले ते प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आलं होतं. मी स्वतः नंतर रॉनीला घेऊन तिथे जाऊन आले. आत बसलो, बोललो. दगड थंड होते, बस. फिलूबाय हे नाव नोराकडे कुठल्या वाटेने पोचलं, याचा मला धागासुद्धा सापडलेला नाही.

गेल्या उन्हाळ्यात नोरा सुट्टीला घरी गेली होती. तिने शेतातूनच व्हिडिओ कॉल लावला. तिकडे ती आणि तिचे वडील, वसईत मम्मी, आणि दुभाषी म्हणून दुबईतून मी. वडील टोपी काढून काहीतरी लांबलचक सांगायला लागले. त्यांचं इंग्लिश मलाही निम्मं कळेना. मी म्हटलं, "मम्मी, थांब, मी सांगते ते काय म्हणतायत..."

"तू गप्प गं जरा," मम्मी म्हणाली, "ते बोलतायत ना."

आणि मग तीही बोलायला लागली. पावसाचं, केळीचं, डॅडींचं. ते त्यांच्या भाषेत, ही आपल्या. एकमेकांना काय कळलं, देव जाणे. मी माझा माइक म्यूट केला आणि ऐकत बसले. माझा चहा पार गार झाला, तरी फोन ठेवायचं नाव कोणी घेईना.